गळ्यावरच्या जांभळ्या रेघा

माय, लातूरच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून लिहून राहिले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तुला तर तेवढंबी वाचता येत नव्हतं, तवा चुका कोण काढतंय. तुझ्या गळ्यात निघाली तसली गाठ आता माझ्या गालात हाय. शेक घ्यायचाय, मशीनच्या किरणांचा. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. म्हणती, "मावशी, आधी सुईनं गाठीत धातूचे कण सोडायचे, पिठाहून कितीतरी बारीक. मग रोजचा शेक दिला की गाठीतच त्याचा जोर वाढतो, आजूबाजूला नाही." मी म्हणलं, "म्हणजे माझ्यावर शिकून राहिलात का?" ती हसली न्हाई. "हो मावशी, अजून तपासणीच चालू आहे. गुण येईलच असं सांगत नाही. नको असेल तर साधा शेक देऊ. पण कुठलाही घ्या, मध्येच सोडायचा नाही."

तिथंच मला तुझा शेक आठवला. नांदेडच्या दवाखान्यात तुझ्या गळ्यावर त्यांनी जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या, शेक नेमका तिथंच पडावा म्हणून. दिवाळीची आंघोळ आली. असल्या रेघा अंगावर घेऊन सण करायचा का, म्हणून मी उटणं लावून खसाखसा घासून काढल्या. तू हातानं नको नको करतीस, शेकानं गळा भाजलेला, आवाज फुटत न्हाई. मी कुठं ऐकते! सण झाल्यावर गेलो तर मशीनवाला सगळ्यांसमोर बोलला, "अक्कल गहाण ठेवली का, बाई?" माझं डोकंच फिरलं. तशीच डॉक्टरकडं गेले आणि सांगितलं, मायच नको म्हणून राहिली. तू तर टॉवेल खांद्यावर टाकून आत जायला उभी होतीस. तुझा दंड धरला आणि घरी न्यायला कंधारच्या जीपमधी बसवलं. पुढचा उन्हाळा तुला दिसला न्हाई.

आज मी कागदावर सही केली. त्या कणांसकट. लेकीला म्हणलं, "मी कितीबी वरडले, शिव्या दिल्या, तरी मला मधीच घरी न्यायचं न्हाई." ती म्हणती, "आणि आजीसारखं तूच नको म्हणलीस तर?"

तिलाबी मी आजवर तेच सांगत आले, की आजीच नको म्हणली. मी तिच्यावरच खेकसले, "जा, गोळ्या आण आधी."

औषधाच्या खिडकीला लांब रांग हाय, म्हणून एवढं लिहून झालं. तुला कुठं धाडू? हा कागद खरं तर लेकीच्याच हातात द्यायला पायजे. तेवढी छाती न्हाई, माय. ती येऊन राहिली. घडी करते.