ढोल, कात्री आणि बंद गल्ली

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय बहात्तर पूर्ण, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझी मुलगी मात्र म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला राष्ट्रदिनाच्या आठवड्यात तपासायला हवं होतं." असो. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत आहे. घाई एवढ्याचसाठी की वस्तीच्या समितीने यंदापासून बंद गल्ली राष्ट्रदिनाच्या संचलनातून वगळली आहे, आणि त्या गल्लीच्या टोकाला माझा धाकटा भाऊ राहतो.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक आणि पायांनी चालवायचे शिवणयंत्र मुलीला. यंत्राचा पट्टा निसटतो, चार शिव्या घातल्याशिवाय बसत नाही. जावयांनी यात सल्ला देऊ नये.

२. संचलनाचे एकसष्ट गणवेश मी शिवले, ते वस्तीचेच राहतील. समितीचे अध्यक्ष नऊ वर्षे चारचौघांत सांगतात की त्यांचा कोट पोटावर आवळतो. माप देताना त्यांनी श्वास रोखून पोट आत ओढले होते, हे मी आजवर कोणाला बोललो नाही. कोटाला आतून चार बोटे कापड सोडलेले आहे. उसवून घ्यावे आणि मोकळेपणी जेवावे.

३. संचलनात मी वाजवतो तो मोठा ढोल शेजारच्या नर्सबाईंना. त्यांचा ठेका पक्का आहे आणि त्या अध्यक्षांना भीत नाहीत. अट एकच, ढोल बंद गल्लीत गेला पाहिजे.

कारण सांगतो. अठरा वर्षांपूर्वी भावाने (तो रेडिओ दुरुस्त करतो) हातगाडीवर कर्णा चढवून संचलनाच्या पुढे गाणी लावली. माझा ढोल कोणाला ऐकू येईना. कोणाचा गणवेश ऐनवेळी उसवला तर असावी म्हणून कात्री माझ्या कमरेला असतेच. भर चौकात माझे टाळके फिरले आणि मी कर्ण्याची वायर कापली. भाऊ एवढेच म्हणाला, "झालं समाधान?" त्याच महिन्यात तो त्या गल्लीत राहायला गेला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

पुढच्या वर्षी सरळ जायचे सोडून मी ढोल बडवत त्या गल्लीत शिरलो. मागे दोनशे माणसे, पुढे भिंत! वळायला जागा नाही, मग सगळे उलट्या पावलांनी बाहेर आले. लोक हसून हसून बेजार. "शिंप्याला दिसेनासं झालं," म्हणाले. पण पोराटोरांना ती उलटी चाल अशी आवडली की प्रथाच पडली. आता कबूल करतो, मला चांगले दिसत होते. भाऊ गॅलरीत येऊन झेंड्याला सलाम करतो, माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. मला मात्र तो दिसतो. वर्षातून एकदा, आठ मिनिटे. तेवढेही आता बंद होणार, म्हणे उलट्या चालीत कोणी पडेल. सतरा वर्षांत एकटे अध्यक्षच पडले आहेत.

४. कात्रीच्या पात्याला वायरीने खाच पडली. ती कात्री कोणाला देऊ नये. तिने कापड नीट कापले जात नाही.

५. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. रागाने नव्हे. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये." मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. साक्षीदाराला माझ्यासमोर बसावे लागते, मी सही करताना बघावे लागते. वायर कापली ही चूक माझीच होती. बाळा, मला माफ कर. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते म्हणतात, पण हे कलम मी बदलणार नाही.

स्थळ: माझे दुकान, कापायच्या टेबलावर.
दिनांक: राष्ट्रदिनाच्या अकरा दिवस आधी.
सही: शिंपी

साक्षीदार पहिले: समितीचे अध्यक्ष. (कोट वस्तीचाच आहे, तो वारसा धरू नये.)
"सही केली. पोटाचा उल्लेख अनावश्यक आहे. गल्लीचा विषय रविवारच्या सभेत पुन्हा घेऊ."

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ.
"सगळं वाचलं, समोर बसून सही केली. दादा, एवढा कागद कशाला? नुसती हाक मारली असतीस तरी आलो असतो."