शब्बाथच्या ताटातला काटा

बेर्शेबा,
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय रिबेका,

तुला नि मुलांना शालोम आणि खूप आशीर्वाद. ठाण्याचे फोटो पोचले. तुझी धाकटी अगदी आपल्या आईवर गेलीय गं! इथे थंडी पडायला लागली. मी बरी आहे.

तुझे भावोजी इस्पितळात आहेत. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरलेय. बारा दिवस ताप, हुडहुडी भरते, दात वाजतात. यकृतात पू झालाय. नळी घालून काढला, तर परत भरला. कशानं झालं तेच डॉक्टरांना कळत नाही.

आमच्या होदायाचा नवरा एल्दाद एवढ्या लांब मित्स्पे रामोनहून रोज येतो. पोटचा मुलगा एवढी धावपळ करणार नाही. फक्त धर्माचं त्याचं फार कडक.

मोतीबिंदू झाल्यापासून ह्यांच्या माशाचे काटे मीच काढते, तुला ठाऊकच आहे. सणांनंतरच्या शब्बाथला मुलं जेवायला होती. मासा बुरी, म्हणजे आपला बोयच, नारळाच्या दुधात केलेला. मी ह्यांच्या ताटात हात घातला, तसा एल्दाद हळूच म्हणाला, "आई, शब्बाथला काटे वेचायचे नसतात, तेही काम धरतात."

माझे कान तापले. 'तुम्ही खरे यहुदी का?' हे इथे किती वर्षं ऐकलं भारतातून आलेल्या आपल्या लोकांनी! मी हात मागे घेतला. "सांभाळून खा हो," एवढंच म्हटलं. दोन घासांत ह्यांना ठसका लागला. मी भाकरीचा कोरडा गोळा गिळायला लावला. "गेला खाली," म्हणाले आणि निमूट जेवले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही टोकदार गिळलं होतं का, कधीकधी ते आतड्यातून यकृतात घुसतं? एल्दाद शेजारीच उभा. मी "नाही" म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही "नाही" म्हणाले. चाळीस वर्षांत मला चारचौघांत कधी खोटं पाडलं नाही गं त्यांनी.

काल बाई म्हणाल्या, कारण सापडलं नाही तर पू भरतच राहील, आणि ह्या वयात शरीर किती सोसणार? एलियाहू हान्नबीला मलिद्याचा नवस बोललेय. पण कुठल्या तोंडानं बोलले?

एल्दादला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, अशी मनाची समजूत घालत होते. खोटं आहे ते. मला माझीच लाज वाटते. जावयासमोर बरी दिसावी म्हणून मी माझ्या माणसाचं ताट सोडलं.

दहा वाजता बाई फेरीला येतात. एल्दाद आत्ताच आलाय, माझ्यासाठी चहा घेऊन. तुला सांगून झालं. आता एल्दादला आणि बाईंना काट्याचं सांगते, मग पत्र पेटीत टाकीन.

ह्यांच्या ताटातून हात मागे घेतलेली,
तुझी शुलामित