दादाने मागितलेला फोटो

११ जाने., रविवार
दुपारी दादाचा फोन. तिकडे न्यू जर्सीत सकाळ, चमचा ढवळल्याचा आवाज येत होता. मध्येच म्हणाला, "मंजू, मी तुला पाठवलेलं ते बास्केटबॉलचं कार्ड आहे ना गं? जपून ठेव. भाव बघ कुठे गेलेत त्यांचे."
"आहे की," म्हटलं. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.
नाही ते. पंधरा वर्षं झाली.

१३ जाने.
पाळणाघरात मुलं झोपल्यावर ब्रेकमध्ये भाव बघितले. रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, त्याच्या पहिल्या सीझनचं; लोक जमवतात. ते तपासायला पाठवायचं, दहापैकी गुण मिळतात, मग कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद. नऊ गुणवालं असेल तर आमची गाडी येईल. सहावालंही आम्हा तिघांना पुण्याला नेऊन आणेल, तेही ऐन दिवाळीत. दर आठवड्याला वर चाललेत.
माझं कुठल्या प्लास्टिकमध्ये? किट बॅगच्या आतल्या कप्प्यात असायचं. मॅचच्या आधी एकदा काढून बघायचे, परत आत.

१८ जाने., रविवार
कसं गेलं ते एकदा लिहून टाकते.
लेक सई वर्षाची होती. इथे हॉलंडमध्ये आता राजाचा दिवस असतो, तेव्हा राणीचा होता; त्या दिवशी कुणीही रस्त्यावर विकायला बसू शकतं. आमचं अख्खं कापेल गाव फुटपाथवर चादरी टाकून घरातलं जुनं विकत बसलेलं. नवऱ्याने, श्रीने, सईचे लहान झालेले कपडे मांडले होते. मी आत गेले आणि डबा घेऊन आले. त्यात कार्ड, दोन मेडल्स, कॅप्टनची पट्टी. नारिंगी टोपीवाल्या एका माणसाने उघडून बघितला, पंधरा युरो दिले. श्री म्हणाला, "अगं, ते तुझं..." मी म्हटलं, "असू दे."
पैशांची गरज नव्हती. घरात नको होतं. बस.
त्या माणसाचा चेहरा आठवत नाही.

१ फेब्रु., रविवार
दादा: "जरा फोटो पाठव ना त्याचा."
नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली. वहिनी कामावर जाते, हा घरी. म्हणाला, "बसल्या बसल्या जुनं सगळं आठवतं बघ. पहिल्या असिस्टंटशिपच्या पैशातून घेतलं होतं. दोन आठवडे पीनट बटर-ब्रेडवर काढले." हे आजवर कधी बोलला नव्हता.
मी म्हटलं, फोनचा कॅमेरा बिघडलाय. बहिणीचा फोन बिघडला म्हणून तो बिचारा कुठला फोन घ्यावा ते सांगत बसला.

५ फेब्रु.
विक्रीला आलेलं प्रत्येक कार्ड उघडून मोठं करून बघते. माझ्या कार्डाचा वरचा कोपरा दुमडला होता, नाशिकच्या मॅचला कुणीतरी बॅगेवर बसलं म्हणून. तसलंच एक सापडलं. फोटो उतरवून घेतला, दादाचं नाव उघडलं. पाठवायचं फक्त बटण राहिलं होतं.
पुसून टाकला.
सई मागून बघत होती. "आई, व्हॉट इज दॅट?" सांगितलं. तर म्हणाली, "वेट. यू प्लेड? एख्त?"
एख्त. खरंच. सोळावं चालू आहे तिला. आईने कधी बॉल हातात घेतला होता हे तिला माहीत नाही. कोण सांगणार होतं? मीच की.

१ मार्च, रविवार
सईनेच शोधून काढलं: उत्रेख्तला कार्डांचा बाजार. ट्रेनने दोघीच गेलो. हॉलभर टेबलं, भिंग लावून वाकलेली माणसं. एका आजोबांकडे ते होतं. प्लास्टिकमध्ये, चार गुण, कोपरा दुमडलेला.
कुठून मिळालं विचारलं. म्हणाले, रॉटरडॅमला एका घरातलं सामान काढलं, त्यात आलं. रॉटरडॅम म्हणजे आमच्या कापेलच्या शेजारचंच.
पण माझा कोपरा डावा होता की उजवा? डोळ्यांसमोर आणते, तर दोन्ही दुमडलेले दिसतात. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटला ते समोर आलं असेल, तरी मला ओळखता येईना.
आजोबांनी हातात दिलं. प्लास्टिकच लागलं हाताला. किंमत विचारली नसती तर बरं झालं असतं. "फोटो घ्या हवा तर, त्याचे काही पैसे पडत नाहीत," म्हणाले. सईने काढला. माझा हात आणि ते.

८ मार्च, रविवार
फोटो फोनमध्ये होता. सहज पाठवता आला असता. दादाला काय कळणार होतं?
"दादा, ते मी विकलं. सई लहान असताना."
"कितीला?"
"पंधरा युरो. मेडल्स धरून."
"बरं." मग म्हणाला, "चल, ठेवतो. मीटिंग आहे."
रविवारी. आणि नोकरी नसताना.

१५ मार्च, रविवार
फोन नाही. श्री म्हणाला, "तू कर ना." नाही केला.
संध्याकाळी सई मागच्या मैदानावर घेऊन गेली. पहिले तीन बॉल रिंगलाही लागले नाहीत. चौथा आत. हाताला सगळं आठवत होतं, गुडघ्याला नाही. सई बॉल आणून देत राहिली. अंधार पडेपर्यंत मला घरी जावंसं वाटेना.

२२ मार्च, रविवार
दादाचा फोन आला. कार्डाचं नावही नाही. हवा, वहिनीचा खांदा, दोन इंटरव्ह्यू. मग म्हणाला,
"मंजू, तू खेळणं का सोडलंस गं?"
सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने तर नाहीच.
राज्याच्या संघाच्या कॅम्पला निवड झाल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात श्रीचं स्थळ पक्कं झालं. स्थळ दादानेच आणलेलं. अमेरिकेहून फोनवर आईशी बोलत होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता: "मुलगा हॉलंडला चाललाय, असं स्थळ परत येणार नाही. खेळायचं काय, तिकडेही खेळेल." मी पत्र हातात घेऊन दारात उभी. श्री चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पत्र मी कुणाला दाखवलंच नाही.
दादाला ते वाक्य आठवत नसेल. की आठवलंय, म्हणून विचारतोय?
"आहेस ना?" तो म्हणाला.
"आहे. फोनवर नको, दादा. तू ये इकडे."
"खरंच येऊ?"
"ये ना. एवढ्या वर्षांत एकदाही आला नाहीस."
"तिकीट बघतो," म्हणाला. मग कुणीच फोन ठेवेना.
आला तर सांगेन. त्याच्या तोंडाकडे बघून सांगता येईल की नाही, माहीत नाही. यावा मात्र.