एका गल्लीचे दोन गठ्ठे

२ फेब्रु. ७८, गुरु.
सरांनी आज फॉर्म वाटले. नळाच्या पाण्याबद्दल लोकांना काय वाटतं, नदी घाण होऊ नये म्हणून ते काय करतील, असले वीस प्रश्न. या कामावर एम.ए.चे आम्ही दोघेच, मी आणि शमीम मुजावर. गल्ली एकच. दोघांनी वेगवेगळं विचारायचं, मग सर ताडून बघणार. ज्याचं काम चांगलं त्याला जूनपासून विभागात सहायकाची जागा. जागा एकच. आणि गल्ली कोणती, तर आमचीच! शमीम पेठ वडगावहून एस.टी.नं येते, तिला इथलं कुत्रंसुद्धा ओळखत नाही. शिट्टी वाजवत घरी आलो.

४ फेब्रु.
तालमीच्या कट्ट्यावर एका संध्याकाळी बावीस फॉर्म. घरोघरचे कर्ते पुरुष तिथंच सापडतात, दारोदार हिंडायचं कशाला? प्र. ३, पाणी कसं आहे? बाबूनानांनी दंड फुगवून दाखवला. "पंचगंगेचं पानी हाय! पैलवान काय उगंच हुत्यात व्हय?" बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळीकडं 'उत्तम'. प्र. ९, म्हशी नदीत धुणं बंद कराल का? "मग काय तुज्या न्हाणीत धुवायच्या?" हशा. 'नाही' लिहिलं.
आमच्या घराचा फॉर्म टेबलाशी बसून मीच भरला. 'उत्तम. तक्रार नाही.' आपल्याच घरात काय विचारायचं?

८ फेब्रु.
शमीमचे अजून नऊच झालेत म्हणे. बरं वाटलं. पण सकाळी दात घासत दारात आलो तर ही नळाच्या कोंडाळ्यावर हजर! पहिल्या एस.टी.नं आली असणार. पदर खोचून बायकांच्या घागरी उचलून देत होती, वही पिशवीतच. आणि आमची आई तिच्या खांद्यावर हात टाकून हसत होती. माझ्याशी कधी हसली होती अशी? मी जवळ गेलो तर सगळ्या गप्प. आई म्हणाली, "तू जा, च्या झाकून ठेवलाय."
माझ्या गल्लीत मीच पावणा. दिवसभर अंगाचा तिळपापड.

११ फेब्रु.
सरांनी तिचे फॉर्म विभागात सगळ्यांसमोर वाचले. वरच्या अंगाला साखर कारखान्यानं मळी सोडली की पाण्याला वास मारतो. भात शिजवला तरी वास जात नाही. पोरांची पोटं बिघडतात. म्हशींना वेगळा हौद बांधून दिला तर नदीला नेणार नाही, पण हे पुरुषांना कोण सांगणार... मग माझा गठ्ठा उचलून म्हणाले, "जाधव, तुमच्या गल्लीला दोन नद्या आहेत का हो?" सगळे हसले. शमीम हसली नाही, खाली बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं, रागवायला तरी मिळालं असतं.
मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. लोक तिला सांगतात याचा हेवा. मला इथं बावीस वर्षं झाली, तिला आठ दिवस.

१३ फेब्रु.
सरांना एकटं गाठून सांगितलं, शमीम मनानंच भरते. आमच्याकडच्या बायका इतकं बोलत नाहीत, सर. सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुम्ही तिथलेच. तिचे तीन फॉर्म देतो. त्या घरी जाऊन विचारा आणि प्रत्येकापुढं खरे की खोटे लिहून सही करा." तीन फॉर्म पाकिटात घालून दिले.
जिन्यात शमीम भेटली. "काकींनी दिलेली चटणी आमच्या घरात सगळ्यांना आवडली." माझी आई हिला चटणी देते!

१४ फेब्रु.
पहिली दोन घरं केली. दोन्हीकडं शब्द न् शब्द खरा निघाला. एका ठिकाणी तर वर ऐकून घेतलं, "ती पोरगी कशी बसून इचारती, तू उभ्यानं काय इचारतुयास?"
तिसरा फॉर्म काढला. घर क्र. १७. आमचं. अक्षर शमीमचं, बोलणं आईचं :
'दोन वर्षांमागं पोराला कावीळ झाली. पाण्यानंच. तवापासनं जैन बस्तीमागच्या आडाची एक घागर आणते. ती पोराच्या तांब्यापुरती. आमी दोघं नळाचंच पितो. पोराला ठावं न्हाई. त्यानं कधी इचारलं न्हाई.'
तिथंच पायरीवर बसलो. म्हणजे मी 'उत्तम' लिहिलं ते खोटं नव्हतं. माझं पाणी उत्तमच होतं.
आणि तरी मनात पहिलं काय आलं? हे तिला सांगितलं, मला का नाही?

१५ फेब्रु.
आईला विचारलं. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तिनं इचारलं म्हून सांगितलं. तू तर लिवून मोकळा झालातास." मग सूप बाजूला ठेवत, "गुडघं दुखत्यात आता. पर हुतंय की."
दोन फॉर्मांवर 'खरे' लिहून सही केली. तिसरा कोरा. खरे म्हणावं तर मी चुगलखोर ठरतो आणि जागा तिची. खोटे म्हणावं तर आई खोटी, माझ्या सहीनं. सर उद्या दहाला मागतील. लाज वाटते, पण जागा अजून हवीच आहे.
जेवताना आईनं तांब्या पुढं ठेवला. "तुज्या कागदात आपल्या घराचं काय लिवलंयस रं?"
म्हटलं, उद्या सांगतो.