शेंगेले आदेश वाचून दाखवा

कळंब,
दि. २५ सप्टेंबर २०२०

ति. बाबारावमामास,
राजदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमी फोन उचलत नाही. परवा उचलला, तं माह्या तोंडून शिवी निघाली म्हणून कट केला. वरून मामीच्या हाती निरोप, की राग आला तं लिहून काढावं, लिहिताना माणूस अर्धा राग खोडून टाकतो. मी काही खोडत नाही. गुलाबसिंगची जीप औषधं घेऊन तुमच्या फाट्यापर्यंत येते, त्याच्यापाशी हे पत्र देतो.

पहिले सांगा, तब्येत कशी हाये? मामी म्हणे ताप उतरला, पण ठेचा बी पुठ्ठ्यासारखा लागते. तोंडाले चव येईपर्यंत मामीच्या स्वयंपाकाले नावं ठेवू नका, आयती संधी म्हणून.

आता मुद्द्याचं. ताप आला तं गोळी घ्याची, घरात पडून राहाचं. तहसीलले फोन करून स्वतःच्याच तापाची वर्दी कायले देली? पोलीस पाटलाले गावची वर्दी द्या लागते, हे मले मालूम हाये. पण तुमच्या एका फोननं दुसऱ्या दिवशी फाट्यावर बांबू आडवा झाला अन् अख्खं पिंपळझरी खुराड्यात. दोन घरं आजारी, अन् कोंडलं दीडशे घराले! सोयाबीनची पानं गळाली असतीन आता. वाळलेली शेंग आठ दिवस दम धरत नाही, हे तुमीच मले धुऱ्यावर बसवून शिकवलं. दुपारच्या उन्हात तडतड आवाज येते अन् दाणा मातीत. मंग तहसीलच्या त्या साहेबाले म्हणा, वावरात जाऊन शेंगेले आदेश वाचून दाखवा. म्हणा, बाई, साथ सुरू हाये, चवदा दिवस तडकू नको.

मी सध्या अमरसिंगभाऊच्या हडंब्यावर हाये. ट्रॅक्टरमागे मळणीचं ते धूड बांधून गावोगाव फिरतो. दिवसभर त्याच्या तोंडात पीक कोंबाचं, संध्याकाळी आंग धुतलं तरी कानातून भुसा-कुटार निघते. जीपवर क्लीनर होतो त्यापेक्षा बरं. जीपचं काम काहून सोडलं ते मागं सांगतलंच, की नाही सांगतलं? जाऊ द्या.

कळंबले चिंतामणीचं देऊळ कुलपात. मी काही हात जोडणारा नोहो, पण बाहेर हार विकणारी बबिताबाई रिकामी टोपली घेऊन पायरीवर बसते, सवयीनं. देवळाच्या दारात विषाणू हाये अन् दारूच्या दुकानापुढच्या रांगेत नाही. हा विषाणू पिऊन असन. मामा, मले एवढंच म्हणाचं हाये, सरकारनं सांगावं, समजवावं, औषध द्यावं, दवाखान्यात खाट द्यावी. खाट देता येत नाही म्हणून बांबू देतात. बांबू सस्ता पडते. माह्या जिवाची काळजी मले नाही, अन् एसीत बसलेल्या माणसाले हाये, हे मी कसं मानू?

कळंबचं काम उरकलं की हडंबा घेऊन येतो. बांबू मोडून येतो. तोवर लोभ हाये तेवढा राहू द्या, माह्या शिव्यांनी कमी करू नका.

तुमचा,
राजदीप

०

मु. पिंपळझरी,
दि. २८ सप्टेंबर २०२०

चि. राजदीप यास,
बाबारावचे अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्रास कारण की, तुझे पत्र मिळाले. फाट्यावरच्या शिपायाने त्यावर औषध फवारल्यामुळे शाई पसरली होती. तरी शिव्या वाचता आल्या.

माझी प्रकृती बरी आहे. चव अजून नाही. तुझी मामी म्हणते, लग्नापासून हेच ऐकते आहे.

तू विचारतोस, वर्दी का दिली. आपल्या शेजारचे सदाशिवराव सत्तरीच्या पुढचे, छातीचे जुने दुखणे. मी ताप लपवून त्यांच्या ओट्यावर रोजच्यासारखा पानसुपारीला बसलो असतो, आणि उद्या त्यांना काही झाले असते, तर तो माझा हक्क होता काय? आपला खोकला आपल्या धुऱ्यावर थांबत नाही, बाळा. धुरा ओलांडून दुसऱ्याच्या वावरात जातो, तिथे कायदा लागतो.

आणि सरकारला शिव्या देताना एक लक्षात ठेव. गाव गावाच्या मर्जीवर सोडलेले असताना माझ्या आजाला विहिरीवरून हाकलत होते. गाव सुधारले म्हणून विहीर उघडली नाही. कायदा आला, म्हणून उघडली. तो कायदा राबवणाऱ्यांतला एक म्हणून मी छातीवर बिल्ला लावतो. तुला तो बिल्ला खुराड्याची कडी वाटतो, याचे मला वाईट वाटले.

सोयाबीनचे खरे आहे. हाताने सोंगणी-कापणी करायला परवानगी मागितली, तहसीलने घरच्याच माणसांनी करावी असे कळवले. पाचपेक्षा जास्त माणसे एका जागी नकोत. बाहेरचे यंत्र व मजूर नकोत. काल आणखी दोघांचा अहवाल आला, म्हणून मुदत वाढली. चार एकर आम्ही दोघे, त्यात माझ्या अंगात दोन तास सोंगण्याची ताकद नाही. पण आदेश आहे. तू येऊ नकोस. आलास तर पहिला गुन्हा मलाच नोंदवावा लागेल, आणि मी तो नोंदवीन.

जेवणाची आबाळ करू नको. हडंब्यात हात घालताना शर्टाची बाही वर कर. माया आहेच, ती मागायला लावू नकोस.

तुझा,
बाबारावमामा

०

कळंब,
दि. १ ऑक्टोबर २०२०

ति. मामास,
जयभीम. सप्रेम लिहिणार नाही, आज प्रेम नाही.

मी काल येऊन गेलो. तुमाले कोणी सांगतलं नसन. अमरसिंगभाऊ हडंबा घेऊन यायले तयार होते, पण मीच म्हटलं, पहिले एकटा जाऊन पाहतो. फाट्याच्या अलीकडे, नाल्याच्या पुलावर, मी एकटा उभा होतो. तोंडाले रुमाल. आजूबाजूले माणूस नाही, ढोर नाही. मी फक्त आपल्या वावराकडे पाहून राह्यलो होतो. पुलावरून दिसते ते, पिवळं झालेलं. तहसीलच्या साहेबाची गाडी आली. मी बाहेर काहून निंगालो म्हणून इचारलं, मी म्हटलं, मामाचं वावर पाहून राह्यलो. ते म्हणाले, वावर पाहणं अत्यावश्यक सेवेत नाही. मंग पोटरीवर काठी, अन् मंग कान धरून उठाबशा. त्याचा ड्रायव्हर मोबाइलमधी शूटिंग घेऊन राह्यला होता. माह्या उठाबशांनी कोणाचा खोकला बरा झाला, मामा? मले हे एक समजून सांगा. अन् त्याची गाडी रोज तुमच्या गावात जाते अन् बाहेर येते. तिच्या टायरले काही चिकटत नाही?

तुमी विहिरीचं लिहिलं. हडंब्यावर दिवसभर तेच डोक्यात. गोणी भरता भरता दोन वेळा दाणे खाली सांडले, अमरसिंगभाऊनं त्याईच्या बंजारा गोर बोलीत काय म्हटलं ते मले समजलं नाही, पण आशीर्वाद नोहता. मंग मले सुचलं. विहीर उघडणारा कायदा कुलूप काढाले आला होता. हा कायदा कुलूप लावाले आला हाये. दोन्ही एका तराजूत कायले तोलता? तुमच्या आजाले पाण्यापासून कोणी अडवलं, तं ते कायद्यानं बंद केलं. आज तुमाले तुमच्याच पिकापासून अडवलं, अन् तुमी त्याले बी कायदा म्हणता. माणूस अडवाचा नाही, हाच तं धडा होता ना? की अडवणाऱ्याच्या हाती शिक्का असला की चालते?

सदाशिवबाबाले भेव हाये, तं सदाशिवबाबांनी घरात राहावं. त्यांचं पीक आपण काढून देऊ. त्यांच्या ओट्यावर कोणी बसाचं नाही, थुकाचं नाही. हे सांगाले जिल्ह्याचा शिक्का लागते का? मामीनं एकदा डोळे वटारले तं अख्खा पुरा, सारी वस्ती सरळ होते.

शेंग तडकली का हो? रागात हाये, पण तेवढं कळवा.

राजदीप

०

पिंपळझरी,
तारीख ३ ऑक्टोबर

राजदीप बाळा,
तुह्या सत्यभामामामीचा आशीर्वाद. पत्र तुह्या मामाले आलं, पण वाचलं म्या बी. उठाबशांचं वाचून ते दिवसभर फाट्यावरच्या खुर्चीवर जाऊन बसले, जेवाले बी आले नाही. तुले राग आला तं तू कागद काळे करतं, त्याईले राग आला तं ते खुर्चीवर ताठ बसते. ज्याचा त्याचा स्वभाव.

पोटरीले हळद-तेल लाव. अन् पुलावर हुबा राहून वावर पाहाची काय गरज होती? वावर का नवरी हाये?

आता ऐक. शेंग तडकाले लागली होती. परवा दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या आवाज यायले लागला, चुलीत मीठ पडल्यासारखा. मले राहवलं नाही. म्या इळा घेतला अन् निंगाली. शेजारची रुक्माबाई निंगाली. मंग तिची सून. आपण लहानपणी इर्जिक करत होतो ना बाप्पा, एकाच्या वावरात सारं गाव राबाचं अन् घरधन्यानं भाकर द्याची, तसंच. फक्त भाकर ज्याची त्यानं घरून आणली, अन् दोन माणसांच्या मधात पिकाचे सहा तास, सहा ओळी, रिकाम्या सोडल्या. सांगतलं कोणीच नाही. सारेच शहाणे झाले. ज्याले खोकला त्यानं स्वतःहून घरीच राहाचं ठरलं, अन् त्याचं वावर पहिले सोंगाचं. म्हणून आपलं पहिले झालं. सदाशिवबाबा दारातूनच हात जोडून रडत होते, त्याईचं दुसऱ्या दिवशी झालं. तीस-पस्तीस माणूस होतं बावा वावरात. पाचाचा नेम होता म्हणतात.

तुह्या मामांनी खुर्चीवरून सारं पाहिलं. म्या मनात म्हटलं, आता वर्दी देतात. मंग संध्याकाळी उठले, आमी बांधलेल्या पेंढ्या मोजल्यासारखं पाहून आले, फोन खिशातच राह्यला. काल राती म्हणाले, राजदीपनं तराजूचं लिहिलं ते बरोबर हाये की चूक हाये, मले समजत नाही. बत्तीस वर्षांत त्या माणसानं समजत नाही असं म्हटलेलं म्या पहिल्यांदा आयकलं.

पण बाळा, पीक गंजी लावून वावरात पडलं हाये. आभाळ भरून राह्यलं. गंजी भिजली तं काळी पडते, मंग सोंगून बी तेच. मळणी पायजे. तू स्वातंत्र्याच्या गोष्टी लय लिहितं, आता हडंबा घेऊन ये. बांबू मोडजो नको. कसं करावं ते तुह्या मामाले इचार, फाट्यावर बसूनच हायेत.

डोक्याले रुमाल बांधजो. तुही आठवण रोज येते, तिले काही बंदी नाही.

तुही मामी

०

पिंपळझरी,
दि. १४ ऑक्टोबर २०२०

चि. राजदीप यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मळणी आटोपल्यावर तू बांबूच्या पलीकडूनच हात हलवून निघून गेलास. मी खुर्चीवरच ताठ बसून राहिलो. तुला वाटले असेल, मामा अजून रागात आहे. होतो. पण तुझ्यावर नव्हतो. पुढे काय झाले ते आता लिहितो.

तू गेल्यावर मी तहसीलला वर्दी लिहिली. जे घडले ते, जसेच्या तसे. की गावातील तीस-पस्तीस माणसांनी अंतर ठेवून एकमेकांची सोंगणी केली व मी ती थांबवली नाही. की दि. ५ रोजी मळणीयंत्र फाट्यावर आले असता मी स्वतः बांबू वर उचलला, ट्रॅक्टर उलटा घेऊन यंत्र तेवढे गावाच्या हद्दीत आणवले, आणि बांबू पुन्हा खाली केला, तो ट्रॅक्टर व यंत्र यांना जोडणाऱ्या दांड्याच्या वर आला. ट्रॅक्टर व दोन माणसे बाहेर राहिली, यंत्र आत राहिले. आतल्यांनी आत पीक टाकले, बाहेरच्यांनी बाहेर इंजिन चालवले. बाहेरचा एकही माणूस आत आला नाही. लोखंड आले. गावातल्या सगळ्या गंज्या दोन दिवसांत दाणा होऊन घरोघर गेल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. खाली सही.

साहेबांनी बोलावले. आवाज चढवला नाही, उलट खुर्ची दिली. म्हणाले, पाटील, चांगली नोकरी आहे, अहवाल बदलून द्या. अज्ञात इसमांनी अंधाराचा फायदा घेऊन यंत्र आणले, असे लिहा, म्हणजे तुमच्यावर काही येत नाही. गर्दीचा मजकूर गाळा. मी म्हटले, मला ताप आला तेव्हा मी खरे लिहिले. त्या खऱ्यावर तुम्ही अख्खे गाव बंद केलेत. तेव्हा माझा शब्द चालला. मग आज का चालत नाही? ते म्हणाले, ती वर्दी कामाची होती. राजदीप, हे ऐकून माझ्या अंगात ताप होता त्यापेक्षा जास्त आग झाली. तीस वर्षे मी समजत होतो की वरच्यांना खरे काय ते हवे असते. त्यांना फक्त बंद करायला कारण हवे होते.

अहवाल बदलला नाही. नोटीस आली, खुलासा मागितला. खुलाशात तोच अहवाल पुन्हा लिहून दिला. परवा निलंबनाचा कागद आला. बिल्ला टेबलावर ठेवून आलो. येताना साहेबांनी एकच विचारले, तुम्हाला कायदा मान्य नाही काय. मी म्हटले, मान्य आहे, म्हणून तर स्वतःच स्वतःची वर्दी दिली. बांबूही मीच उचलला, तेही लिहून दिले. मोडणारे लपवतात.

तुझे सगळे मला पटले, असे समजू नको. विहिरीचे मी विसरणार नाही. पण तराजूचे तू बरोबर लिहिले होतेस. आणि उठाबशांचे मला कोणी समजावून सांगू शकले नाही, मी साहेबांनाही विचारून आलो.

सदाशिवराव ठणठणीत आहेत. आमची पानसुपारी सुरू झाली, आपापल्या ओट्यावरून, मध्ये रस्ता. ते ओरडून बोलतात, मी ओरडून उत्तर देतो, सगळ्या पुऱ्याला आमची गुपिते कळली. काल मामीने ठेचा केला. तिखट लागला. मी तसे म्हटले, तर ती रडायला लागली आणि मग म्हणाली, मीठ जास्त झाले असेल.

आणखी एक. फोन आता करत जा. पाटलाला तेवढी फुरसत नव्हती. मामा रिकामा आहे, तो उचलेल. शिवी दिलीस तरी कट करणार नाही.

तुझाच,
बाबाराव