कोणत्या वयात किती खावं

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमचा राग माझ्या अंगातून उतरत नाही. काल अंगणवाडीत गरोदर बायांची बैठक घेतली. मी सेविका झाले हे तुम्ही पाहिलंत, पण तिथे काय सांगते ते कधी विचारलं नाहीत. पोटात बाळ असेल तर रोजच्यापेक्षा जास्त खावं, अंगावर पाजत असेल तर त्याहूनही जास्त, वयात येणाऱ्या पोरीला डाळ, पालेभाजी, अंडं द्यावं. एवढं सांगून झालं, तशी करडी गावची एक पोर खाली बघत म्हणाली, "सासू म्हणते, जास्त खाल्लं तं बाळ मोठं होते न् बाळंतपणात अडते." तुमचंच वाक्य. मी बैठक तिथेच आटोपली.

चिखल्याच्या खाणवस्तीतली आपली खोली. मी तेरा वर्षांची, आईला सातवा महिना. तुम्ही पाळीवरून येऊन बाहेर आंघोळ करताय, चुलीवर गंजात तळ्यातल्या मासोळीचा रस्सा रटरटतोय. आधी तुम्ही जेवायचं, उरलं तर आम्ही, हा घरचा कायदा. आईनं गंजातला एक तुकडा तोंडात टाकला आणि एक माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यात तुम्ही ओल्या अंगानं आत आलात. "काहून खाल्लीस? मराचं हाय का तुले?" आई एवढंच म्हणाली, "भूक लागते जी मले." तुम्ही तो उकळता गंज लाथेनं तिच्या पायांवर उडवलात, केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलंत, पुन्हा आपटलंत. मी मध्ये पडले तेव्हा माझे दोन दात गेले. तोंडातलं रक्त आणि मासोळी मी एकदमच गिळली, कारण थुंकायची हिंमत नव्हती.

आठ दिवसांनी बाळ झालं, ओंजळीत मावेल एवढं. रडलंच नाही. तुम्ही म्हणालात, "लहान होतं म्हून सुटली तरी." त्यानंतर आई कधी पोटभर जेवली नाही आणि माझ्या लग्नाआधीच वाळून गेली.

मग म्हातारपणी तुम्ही माझ्याच दारात आलात. तोंडाचं बोळकं, छातीत खाणीची धूळ. म्हाताऱ्या माणसाची भूक मरते, अंगाची गरज मरत नाही, त्याला डाळ, अंडं, दूध मऊ करून थोडं थोडं भरवावं, हे मी तेव्हा घरोघर सांगत फिरत होते. तुमच्यासमोर मात्र चार महिने तांदळाची पेज ठेवली, तीही वरची निवळ. "जराशी घट्ट दे वो बाई," तुम्ही म्हणायचात. "पचत नाही तुमाले," मी म्हणायची. नवरा एकदा म्हणाला, "दे ना, बाप हाय तुहा." मी त्याच्यासमोर ताट असं आपटलं, की तो पुन्हा त्या विषयात पडला नाही. तुमच्या दंडाची कातडी लोंबायला लागली ती मी रोज बघत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. हात उचलायची गरजच पडली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय खात होते? मी म्हटलं, "काहीच खात नव्हते जी." तिरडीजवळ बाया म्हणाल्या, लेकीनं सेवा केली. मी मान डोलावली.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, चुलीतच घालेन. पण तुम्हाला सगळं पचत होतं, बाबा. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.