एकाच शेवंतीची लेकरं

३ मार्च, सकाळी
ही भावाकडे निघून गेली. भांडण बियांवरून. हिचं म्हणणं, नर्सरीत थोडी रोपं बियांचीही ठेवा. माझं म्हणणं, बियांचं रोप म्हणजे लॉटरी. एक उंच, एक बुटकं, एक भलत्याच रंगाचं. माझी पिवळी शेवंती एकटी समर्थ आहे. फांदी तोडा, मातीत खोचा, झालं रोप. जोडीदार नको, मधमाशी नको, मनधरणी नको. एकट्याचं छान भागतं, एवढंच मी म्हणालो. हिने ते अंगाला लावून घेतलं.

५ मार्च
वेग दुप्पट. एकाच चाकूने सगळी कलमं. दर वेळी चाकू स्पिरिटने पुसायची हिची जुनी खोड, निव्वळ वेळ खाते. हिचे बियांचे ट्रे टाकीमागे सरकवले. ऑम्लेट स्वतः केलं. करपलं, पण दोन्ही बाजूंनी सारखं.

२ एप्रिल
हॉटेलची मोठी ऑर्डर. रोपं हुबेहूब एकसारखी हवीत. हिला कळावं म्हणून फोन केला. मेव्हण्याने उचलला, म्हणाला ताई कामात आहे. मागून हिचं हसणं ऐकू आलं. माझ्याशिवाय हसते म्हणजे कमाल आहे.

१४ एप्रिल
एका रोपाने मान टाकली. ऊन लागलं असणार.

१६ एप्रिल
अख्खी रांग. मर रोग, न पुसलेल्या पात्यावरून रोपारोपात पसरणारा. एकाला सोसलं नाही ते कुणालाच सोसेना, सगळी एकच की. चाकूकडे बघितलं. आज जास्त लिहीत नाही.

१८ एप्रिल
मूळ झाडही गेलं. हॉटेलवाल्याला सांगितलं, शेवंती विश्रांती घेतेय. त्याने ऑर्डर रद्द केली. बोलायला घरात कुणी नाही. स्वतःशीच भांडून पाहिलं, दोन्हीकडून एकच मुद्दा. फार भीती वाटतेय.

१९ एप्रिल
टाकीमागे गेलो. गळक्या नळावर हिचे ट्रे तगलेले. मर तिथेही पोचली होती, बरीच रोपं गेली. पण काही उभी. वाकडी, बुटकी, एकाला चक्क जांभळी कळी. तिथेच बसून रडलो.

२० एप्रिल
फोनसाठी भाषण पाठ केलं, दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे वगैरे. ऐनवेळी तोंडून निघालं, शेवंती मेली, ये ना गं. हिने विचारलं, चाकू पुसत होतात का. नाही म्हणालो. मग म्हणाली, ट्रेंना पाणी घाला. येते की नाही, ते बोलली नाही.

पाणी घातलं. चाकूही स्पिरिटने लख्ख पुसला. कापायला आता काही उरलेलं नाही.